जमीन कुणाची याच्या पलीकडे: वादग्रस्त प्रदेश आणि सार्वभौमत्वाचे वेगळे मार्ग

सीमोल्लंघन

वादग्रस्त प्रदेशांवरची कुठलीही चर्चा वाचा, थोड्याच वेळात ती "जमीन कुणाची" या एकाच प्रश्नावर येऊन अडकते. आमची की त्यांची, तिसरं काही नाहीच. मला हे मनापासून खटकतं, कारण गेल्या शंभर-सव्वाशे वर्षांत तिसरं, चौथं, पाचवं असं बरंच काही करून पाहिलेलं आहे, त्यातलं काही टिकलं काही कोसळलं, आणि का टिकलं, का कोसळलं हे नीट बघितलं तर खूप काही हाती लागतं. म्हणून हा धागा.

आधी मूळ अडचण. १९२८ मध्ये पाल्मास बेटाच्या वादात (अमेरिका विरुद्ध नेदरलँड्स) एकमेव लवाद म्हणून बसलेल्या मॅक्स ह्यूबर यांनी सार्वभौमत्वाची जी मांडणी केली ती आजही सगळे वापरतात: एखाद्या भूभागावर, इतर सर्व राज्यांना बाजूला ठेवून, राज्यसंस्थेची कामं करण्याचा हक्क. या मापाने वाद मिटवायला गेलं की एक जिंकतो, एक हरतो आणि हरलेला पुढच्या पिढीत परत येतो. पण त्याच निवाड्यात ह्यूबर असंही म्हणतात की या हक्काला कर्तव्य चिकटलेलं असतं, त्या जागेत इतर राज्यांचे आणि त्यांच्या माणसांचे हक्क जपायचं. ही दुसरी बाजू फार कमी लोक सांगतात.

आणि गंमत नाही, खरंच महत्त्वाची गोष्ट आहे, हेच ह्यूबर त्याआधी १९२० मध्ये ओलांड बेटांच्या प्रश्नावर राष्ट्रसंघाने (संयुक्त राष्ट्रांच्या आधीची जागतिक संघटना) नेमलेल्या तीन कायदेतज्ज्ञांमध्ये होते. ओलांड म्हणजे स्वीडन आणि फिनलंडच्या मधली बेटं, लोक स्वीडिश बोलणारे. १९१७ ला फिनलंड स्वतंत्र झाला तेव्हा तिथल्या लोकांना स्वीडनमध्ये जायचं होतं. प्रकरण राष्ट्रसंघाकडे गेलं आणि जून १९२१ मध्ये निर्णय आला: सार्वभौमत्व फिनलंडचं, पण भाषा, शाळा, जमीन यांची हमी बेटांना, आणि त्या हमीवर राष्ट्रसंघाची देखरेख. त्याच वर्षी वेगळा करार करून बेटं निर्लष्करी आणि तटस्थ ठरवली (निर्लष्करी तर ती १८५६ पासून, क्रिमियन युद्धानंतरच्या तहापासून होती). म्हणजे फिनलंडला नकाशा मिळाला, स्वीडनला तिथे तोफा येणार नाहीत याची खात्री मिळाली, लोकांना त्यांची भाषा आणि जमीन मिळाली. ज्याला जे सगळ्यात जास्त हवं होतं ते वेगवेगळं होतं म्हणून हे जमलं.

आजही ओलांडमध्ये जमीन घ्यायला, धंदा करायला, तिथल्या विधिमंडळाला मत द्यायला तिथला खास रहिवास-हक्क लागतो. फिनलंडचा नागरिक असलात तरी तिथे पाच वर्षं राहावं लागतं आणि स्वीडिश यावी लागते, आणि बाहेर जाऊन पाच वर्षांहून जास्त राहिलात तर तो हक्क जातो. तिथल्या मुलांना सक्तीची लष्करी सेवा नाही. १९९५ ला फिनलंड युरोपीय संघात गेला तेव्हा हे सगळं वेगळ्या प्रोटोकॉलने जपलं, २०२३ ला नाटोत गेला तरी बेटं निर्लष्करीच आहेत. शंभर वर्षं झाली!

आता याच्या अगदी उलट उदाहरण घ्या. न्यू हेब्रिडीज, पॅसिफिकमधली बेटं, आजचं वानुआतू. १९०६ ते १९८० ब्रिटन आणि फ्रान्स दोघांची संयुक्त सत्ता, कॉन्डोमिनियम. दोन पोलीस दलं, दोन शिक्षणव्यवस्था, दोन तुरुंग, बाहेरून आलेल्या माणसाने ब्रिटिश कायदा की फ्रेंच कायदा ते निवडायचं, आणि संयुक्त कोर्टाचा अध्यक्ष स्पेनच्या राजाने नेमायचा. सगळ्या गोष्टी दोन-दोन, फक्त ज्यांची बेटं होती त्या लोकांना मात्र एकही नागरिकत्व नाही. ना ब्रिटिश ना फ्रेंच. स्वतःच्या गावात बिनराज्याचे.

दोन्हीकडे दोन देश, दोन्हीकडे करार, मग फरक कुठे पडला? माझं म्हणणं एवढंच आहे: करार करणाऱ्यांनी सुरुवात झेंड्यापासून केली की तिथे राहणाऱ्या माणसापासून, यावर सगळं ठरतं. कर कोण घेणार, पोलीस कुणाचे, दाद कुठल्या कोर्टात मागायची, पासपोर्ट कुठला, सैन्य येणार का, जमीन कोण विकत घेऊ शकतं, हे सगळे सुटे अधिकार आहेत आणि ते सुटे करून वाटता येतात. पण वाटणी दोन सरकारांमध्येच झाली आणि रहिवाशाच्या वाट्याला काहीच आलं नाही तर ती टिकत नाही.

तुम्हाला काय वाटतं? तुम्हाला माहीत असलेली उदाहरणं टाका, विरोधातली असली तर जास्त चांगलं.

तळटीप

उत्तम विषय. संयुक्त सत्तेची एक-दोन उदाहरणं माझ्याकडून.

अँडोरा. १२७८ मध्ये उर्गेलचे बिशप आणि फुआचे काउंट यांच्यातलं भांडण मिटवायला लवादाचा करार झाला, दोघेही सह-राजे. काउंटचा हक्क फिरत फिरत फ्रान्सच्या राष्ट्राध्यक्षांकडे आला आणि बिशप अजून आहेतच. मात्र १९९३ च्या राज्यघटनेने सार्वभौमत्व लोकांचं असं स्पष्ट लिहिलं आणि दोन्ही सह-राजे राष्ट्रप्रमुख म्हणून उरले, त्याच वर्षी अँडोरा संयुक्त राष्ट्रांत गेलं. म्हणजे तुमचा मुद्दा इथेही लागू पडतो, सातशे वर्षं टिकलं ते खरं, पण शेवटी लोकांना मधोमध आणावंच लागलं.

फ्रान्स-स्पेनच्या सीमेवर बिदासोआ नदीत फेझंट बेट आहे, तिथे सहा महिने एकाची सत्ता, सहा महिने दुसऱ्याची, आलटून पालटून. १६५९ चा पिरेनीजचा तह तिथेच झाला होता. पण त्यावर कुणी राहत नाही, म्हणून हे उदाहरण लोक उगाच फार वापरतात असं माझं मत आहे. निर्मनुष्य बेट वाटून घेण्यात कसली परीक्षा?

पाण्यावर मात्र संयुक्त सत्ता बऱ्यापैकी चालते. मोझेल नदीचा लक्झेम्बर्ग-जर्मनी सीमेवरचा भाग १८१६ पासून दोघांचा मिळून आहे. फोन्सेकाच्या आखाताबद्दल तर १९९२ मध्ये आंतरराष्ट्रीय न्यायालयानेच सांगितलं की आतलं पाणी एल साल्वादोर, होंडुरास आणि निकाराग्वा या तिघांचं सामायिक आहे.

वाटसरू

मी जरा थंड पाणी ओततो. ओलांडची गोष्ट छान आहे पण स्वीडन आणि फिनलंड एकमेकांवर हल्ला करायला निघाले नव्हते, दोघांनी राष्ट्रसंघाचं ऐकलं. जिथे एका बाजूला ती जागा गिळायचीच आहे तिथे कुठलाही मॉडेल कागदावरच राहतो.

डान्झिग बघा, बाल्टिक किनाऱ्यावरचं बहुसंख्य जर्मन लोकांचं शहर, आजचं पोलंडमधलं ग्दान्स्क. १९२० ला मुक्त शहर केलं, राष्ट्रसंघाचा उच्चायुक्त बसवला, पोलंडला बंदर, जकात आणि परराष्ट्र व्यवहारात हक्क दिले, शहराला स्वतःची घटना आणि सिनेट. अधिकार सुटे करून वाटलेच होते की, अगदी तुम्ही म्हणताय तसे. पुढे शहराच्या सिनेटमध्येच नाझी बसले, उच्चायुक्तांकडे हाताशी काहीच ताकद नव्हती आणि १ सप्टेंबर १९३९ ला जर्मनीने पोलंडवर हल्ला केला तेव्हा सगळं संपलं.

त्रिएस्त, इटली आणि युगोस्लाव्हिया दोघांनाही हवं असलेलं बंदर, तर सुरूच झालं नाही. १९४७ च्या इटलीबरोबरच्या शांतता करारात मुक्त प्रदेश म्हणून लिहिलं, गव्हर्नर सुरक्षा परिषदेने नेमायचा होता, पण शीतयुद्ध पेटलं आणि परिषदेचं एका नावावर कधी एकमत झालंच नाही. १९५४ ला प्रदेशाचा अ विभाग इटलीकडे, ब विभाग युगोस्लाव्हियाकडे, खेळ खलास.

जेरुसलेमचं पण तेच, संयुक्त राष्ट्रांच्या १९४७ च्या ठरावात आंतरराष्ट्रीय देखरेखीखालचं वेगळं शहर असं लिहिलं होतं, एक दिवसही अमलात आलं नाही.

तेव्हा रहिवासी महत्त्वाचे हे मान्य, पण त्याआधी प्रश्न हा की हमी कोण देणार आणि ती हमी मोडली तर कोण धावून येणार.

सीमोल्लंघन

वाटसरू, डान्झिगचा मुद्दा पूर्ण मान्य आहे आणि म्हणूनच मला ब्रच्को या गावाबद्दल सविस्तर लिहायचंय, कारण तिथे ओलांडसारखी सभ्य परिस्थिती अजिबात नव्हती.

बोस्नियाचं युद्ध संपवताना १९९५ मध्ये अमेरिकेतल्या डेटनला झालेल्या शांतता बोलण्यांत सगळ्या नकाशावर तडजोड झाली, फक्त ब्रच्को राहिलं. सावा नदीकाठचं गाव. बोस्नियाचे दोन घटक आहेत, सर्बांचं रिपुब्लिका स्र्प्स्का आणि बोस्नियाक (मुस्लिम) व क्रोएटांचं फेडरेशन. रिपुब्लिका स्र्प्स्काचे पूर्व आणि पश्चिम असे दोन तुकडे जोडणारी चिंचोळी पट्टी तिथून जाते, आणि बोस्नियाक-क्रोएट फेडरेशनसाठी उत्तरेला जायची वाट तीच. युद्धात तिथे भयानक अत्याचार झालेले, मूळचे हजारो लोक हाकलले गेलेले. दोघांनीही सांगितलं, हे सोडणार नाही. मग ते लवादाकडे सोपवलं. लवादाने घाई केली नाही हे मला फार महत्त्वाचं वाटतं, १९९७ आणि १९९८ ला तात्पुरते निवाडे दिले, कोण सहकार्य करतंय कोण नाही ते बघितलं आणि मार्च १९९९ ला अंतिम निवाडा दिला.

निवाडा असा की युद्धाआधीची ब्रच्कोची अख्खी नगरपालिका दोन्ही घटकांच्या मालकीची, एकाच वेळी, पण आत कारभार करायचा अधिकार दोघांपैकी एकालाही नाही! कारभार स्थानिक जिल्हा सरकारचा, बोस्नियाच्या एकूण सार्वभौमत्वाखाली. नकाशावर दोघेही म्हणू शकतात आमचं आहे, आणि रोजच्या व्यवहारात एकाचाही पोलीस तिथे येत नाही. दोघांचं सैन्य बाहेर, एकच मिश्र पोलीस दल, आणि पुढे शाळासुद्धा एकत्र, बोस्नियाच्या इतर भागात समाजानुसार मुलं वेगळी बसवणाऱ्या "एका छताखाली दोन शाळा" चालत असताना. रहिवाशाने आपण कुठल्या घटकाचे नागरिक ते स्वतः निवडायचं.

आणि वाटसरू, तुमच्या प्रश्नाचं उत्तर: वर आंतरराष्ट्रीय पर्यवेक्षक होता, ज्याला कायदा करायचा आणि अडवणूक करणाऱ्या अधिकाऱ्याला काढायचा खराखुरा अधिकार होता, आणि आसपास नाटोच्या नेतृत्वाखालचं सैन्य होतं. २०१२ ला पर्यवेक्षकाने काम स्थगित केलं पण लवाद न्यायाधिकरण मुद्दाम जिवंत ठेवलंय, म्हणजे उद्या कुणी निवाडा मोडला तर प्रकरण परत तिथे नेता येतं. डान्झिगच्या उच्चायुक्ताकडे यातलं काहीही नव्हतं. ब्रच्को स्वर्ग नाही, तिथे राजकारण आहे, वांशिक गटांचे कोटे आहेत, पण ज्या जागेवरून परत युद्ध पेटेल असं सगळे म्हणत होते तिथे ते पेटलं नाही.

दर्यावर्दी

समुद्राची बाजू कुणीतरी मांडायला हवी म्हणून लिहितोय. समुद्रात मालकीचा प्रश्न बाजूला ठेवून नुसता माल वाटून घेणं जमतं कारण तिथे मत द्यायला कुणी राहत नाही.

थायलंड आणि मलेशियाने १९७९ मध्ये ठरवलं की थायलंडच्या आखातातली आपली सीमा ठरत नाहीये ना, ठीक आहे, दावे जसेच्या तसे ठेवू आणि तेल-वायू निम्मा निम्मा घेऊ. त्यासाठी संयुक्त प्राधिकरण काढलं आणि आज तिथून वायू येतोय, सीमा अजून ठरलेली नाही आणि कुणाचं काही अडलंही नाही.

सौदी आणि कुवेतच्या मधला तटस्थ प्रदेश १९२२ पासून दोघांचा होता, पुढे साठीच्या दशकात जमीन वाटून घेतली पण तेल निम्मं निम्मं तसंच ठेवलं. मालकी आणि उत्पन्न वेगळं करता येतं याचं हे मला सगळ्यात स्पष्ट उदाहरण वाटतं.

पण याची काळी बाजू तिमोरच्या समुद्रात दिसली. १९८९ ला ऑस्ट्रेलिया आणि इंडोनेशियाने तिमोर गॅप करार केला, तेल वाटून घेतलं, आणि ज्या पूर्व तिमोरच्या किनाऱ्यासमोर ते तेल होतं तो तेव्हा इंडोनेशियाने बळकावलेला होता. तिमोरवर आधी राज्य केलेला पोर्तुगाल आंतरराष्ट्रीय न्यायालयात गेला तर १९९५ ला न्यायालयाने सांगितलं की तिमोरच्या लोकांचा स्वयंनिर्णयाचा हक्क आहेच, पण इंडोनेशिया खटल्यात नाही आणि त्याच्या वागण्याचा निवाडा केल्याशिवाय आम्ही पुढे जाऊ शकत नाही, म्हणून निकाल देत नाही. स्वातंत्र्यानंतर तिमोरने चिकाटीने लढून, समुद्र कायद्यातली सक्तीच्या समेटाची तरतूद जगात पहिल्यांदा वापरून, २०१८ मध्ये ऑस्ट्रेलियाबरोबर कायमची सागरी सीमा मिळवली. संयुक्त विकास, संयुक्त विकास म्हणताना टेबलावर कुणाला खुर्ची नाही ते आधी बघावं.

पाऊलवाट

दर्यावर्दींच्या शेवटच्या वाक्याला जोडूनच. जिब्राल्टर! स्पेनच्या दक्षिण टोकाचा ब्रिटिश प्रदेश, ज्यावर स्पेनचा दावा आहे. २००२ मध्ये ब्रिटन आणि स्पेन यांचं संयुक्त सार्वभौमत्वावर जवळपास जमलं होतं, ब्रिटिश परराष्ट्रमंत्री जॅक स्ट्रॉ यांनी संसदेत तसं सांगितलंही. जिब्राल्टरच्या सरकारने नोव्हेंबरमध्ये स्वतःच सार्वमत घेतलं. जवळपास ९९ टक्के विरोधात, होय म्हणणारे दोनशेसुद्धा नाहीत. प्रस्ताव तिथेच मेला. मला तो प्रस्ताव कागदावर वाईट वाटत नाही हो, पण तो लोकांच्या डोक्यावरून ठरवला गेला आणि लोकांनी तो डोक्यावरूनच परत पाठवला.

त्याआधी फॉकलंडमध्ये तेच, ही बेटं ब्रिटनच्या ताब्यात आणि दावा अर्जेंटिनाचा. १९८० ला ब्रिटिश मंत्री निकोलस रिडली यांनी कल्पना मांडली की सार्वभौमत्व अर्जेंटिनाला द्यायचं आणि लगेच दीर्घ मुदतीच्या भाडेपट्ट्याने बेटं ब्रिटनने परत वापरायला घ्यायची. बेटवासी चिडले, संसदेत गदारोळ झाला, कल्पना गुंडाळली. दीड वर्षात युद्ध. २०१३ च्या सार्वमतात ब्रिटनबरोबर राहायच्या विरोधात फक्त ३ मतं पडली.

आणि हिंदी महासागरातल्या चागोस बेटांबद्दल मला खूप वाईट वाटतं. १९६५ ला ब्रिटनने ती बेटं मॉरिशसपासून तोडली, मग डिएगो गार्सियावर अमेरिकी तळासाठी तिथल्या सगळ्या लोकांना उचलून बाहेर काढलं. २०१९ ला आंतरराष्ट्रीय न्यायालयाने सल्लागार मत दिलं की ब्रिटनने तिथला कारभार लवकरात लवकर संपवावा. मे २०२५ ला ब्रिटन-मॉरिशस करारावर सह्या झाल्या: सार्वभौमत्व मॉरिशसचं, डिएगो गार्सियाचा वापर ९९ वर्षं ब्रिटनकडे. कायद्याच्या नजरेने नीटनेटकं, मालकी एकाची वहिवाट दुसऱ्याची. पण चागोसच्या लोकांची मुख्य तक्रार हीच की आम्हाला कुणी विचारलं? वाटाघाटी दोन सरकारांच्या आणि घरं आमची.

तळटीप

भाडेपट्ट्याचा विषय निघालाच आहे तर दोन उदाहरणं, एक टिकलेलं आणि एक संपलेलं.

टिकलेलं म्हणजे तीन बिघा. भारत आणि बांगलादेशच्या सीमेवर छिटमहाल होते, एका देशाच्या पोटात दुसऱ्या देशाचे तुकडे, भारताचे १११ आणि बांगलादेशचे ५१. तिथल्या लोकांना शाळा नाही, वीज नाही, पोलीस नाही, कारण स्वतःच्या देशात जायचं तरी परक्या देशातून जावं लागायचं. दहग्राम-अंगारपोता हा मोठा छिटमहाल बांगलादेशचा, त्याला मूळ भूमीशी जोडणारी तीन बिघ्याची पट्टी भारताची. १९९२ ला भारताने ती बांगलादेशला वापरायला कायमच्या पट्ट्याने दिली, सार्वभौमत्व भारताचंच ठेवून. सुरुवातीला दिवसातले ठरावीक तासच वाट उघडी, २०११ पासून चोवीस तास. आणि ३१ जुलै २०१५ च्या मध्यरात्री बाकीच्या छिटमहालांची अदलाबदल झाली, आपल्या राज्यघटनेत शंभरावी दुरुस्ती करून. यात मला सगळ्यात आवडलेली गोष्ट म्हणजे प्रत्येक माणसाला विचारलं, तुला कुठलं नागरिकत्व हवं. बहुतेक जण होते तिथेच राहिले आणि त्या जागेच्या नवीन देशाचे नागरिक झाले, भारताच्या छिटमहालांतून जवळपास हजार लोक भारतात आले. जमीन कमी-जास्त झाली, भारताच्या वाट्याला एकूण कमीच आली, तरी संसदेने एकमताने मंजूर केलं.

संपलेलं म्हणजे जॉर्डनचे बाकूरा आणि घम्र, इस्रायलच्या सीमेवरचे शेतजमिनीचे दोन भाग. १९९४ च्या इस्रायल-जॉर्डन शांतता करारात सार्वभौमत्व जॉर्डनचं मान्य झालं, पण तिथे शेती करणाऱ्या इस्रायली लोकांना २५ वर्षं वापराची मुभा, आणि वर्षभर आधी नोटीस दिली नाही तर मुदत आपोआप वाढणार. २०१८ ला जॉर्डनने नोटीस दिली आणि नोव्हेंबर २०१९ ला फाटक बंद. मला यात कुणाचा करारभंग दिसत नाही, उलट दोघांनीही कागदाप्रमाणे वागून दाखवलं. पण मुदतीची व्यवस्था म्हणजे शेवटची तारीख जवळ आली की वाद परत दारात येणार, हे धरूनच चालावं.

कोराकागद

सगळे वाचून झालं, एक सरळ प्रश्न. काश्मीरला यातलं काही लागू करायचा प्रयत्न झाला होता का? भांडायचं नाहीये, माहिती हवी आहे.

सीमोल्लंघन

थोडक्यात लिहिते. २००४ ते २००७ च्या आसपास मुशर्रफ आणि मनमोहन सिंग यांच्या काळात पडद्यामागे बोलणी झाली. मुशर्रफ यांनी २००६ मध्ये चार मुद्दे जाहीरपणे मांडले, सीमा तीच पण ये-जा मोकळी, स्वशासन, टप्प्याटप्प्याने सैन्य कमी करणं आणि संयुक्त देखरेख. मनमोहन सिंग यांचं म्हणणं होतं की सीमा बदलता येणार नाहीत पण त्या निरर्थक करता येतील. त्यातलं प्रत्यक्ष जे दिसलं ते म्हणजे २००५ ची श्रीनगर-मुझफ्फराबाद बस आणि २००८ पासून नियंत्रण रेषेपलीकडचा व्यापार, तो भारताने २०१९ च्या एप्रिलमध्ये थांबवला. करार कधी झाला नाही. आणि दहशतवादाचा प्रश्न सुटल्याशिवाय मोकळी ये-जा कोण मान्य करणार, हा वाटसरूंचा हमीवाला प्रश्नच तिथे सगळ्यात मोठा आहे. यापुढे वेगळा धागा लागेल, इथे थांबते.

वाटसरू

बरं, हमीचा मुद्दा तुम्ही ब्रच्कोने बराच पटवलात. आता त्याहून अवघड. तुम्ही म्हणता रहिवाशापासून सुरुवात करा. रहिवासी कोण हे कोण ठरवणार?

पश्चिम सहारात (स्पेनची जुनी वसाहत, आता मोरोक्कोचा दावा) १९९१ पासून संयुक्त राष्ट्रांचं मिशन सार्वमत घ्यायला बसलंय आणि ते सार्वमत आजवर झालं नाही, कारण मतदार कुणाला धरायचं यावरच सगळं अडलं. मोरोक्को म्हणतो अमुक टोळ्या आमच्या बाजूच्या पण मूळच्या तिथल्याच, स्वातंत्र्य मागणारी पोलिसारियो संघटना म्हणते स्पेनच्या १९७४ च्या जनगणनेवर जा.

अबयेईचं तसंच. सुदान आणि दक्षिण सुदानच्या मधे. २००५ च्या शांतता करारात लिहिलं होतं की अबयेईचे रहिवासी दोन्हीकडचे नागरिक, म्हणजे तुमचा आवडता मॉडेल, आणि २०११ ला सार्वमत. न्गोक दिंका वर्षभर तिथे राहणारे, मिसेरिया गुरं घेऊन दर मोसमात येणारे आणि परत जाणारे. मिसेरियांना मत द्यायचं की नाही? या एका प्रश्नावर सार्वमत झालं नाही आणि माणसं आजही मरतायत. लोकांना विचारा म्हणणं सोपं आहे.

सीमोल्लंघन

हा खरा प्रश्न आहे आणि याला टाळून पुढे जाता येत नाही, म्हणून जरा लांब लिहिते, सांभाळून घ्या.

मला वाटतं रहिवासी कोण ही गोष्ट सार्वमताच्या आदल्या दिवशी ठरवायला घेतली की मेलीच. तोवर प्रत्येकाला आकडे माहीत असतात आणि यादी म्हणजेच निकाल असतो. ओलांडमध्ये ती व्याख्या पहिल्यापासून व्यवस्थेच्या पोटात होती, आणि ती बंद नव्हती, बाहेरून आलेला माणूसही पाच वर्षं राहून, भाषा शिकून आत येऊ शकतो. दार आहे, पण उंबरठा आहे.

न्यू कॅलेडोनियाकडे बघा, पॅसिफिकमधला फ्रान्सच्या ताब्यातला प्रदेश. फ्रान्सने खाणींसाठी, वसाहतीसाठी इतके लोक तिथे आणले की मूळचे कनक लोक स्वतःच्याच बेटावर निम्म्याहून कमी झाले. १९९८ च्या नुमेआ करारात ठरलं की प्रांतिक निवडणुकीला आणि स्वातंत्र्याच्या सार्वमताला मतदारयादी मर्यादित, नंतर आलेल्या फ्रेंच नागरिकांना मत नाही. कुणीतरी स्ट्रासबर्गच्या मानवी हक्क न्यायालयात गेलं की हा भेदभाव आहे, तर २००५ मध्ये न्यायालयाने त्या प्रदेशाचा रक्तरंजित इतिहास आणि संक्रमणकाळ बघून दहा वर्षं रहिवासाची अट मान्य केली. हे माझ्या दृष्टीने फार मोठं आहे, मतदानासारख्या मूलभूत हक्कालासुद्धा वादग्रस्त प्रदेशात अशी मर्यादा न्याय्य ठरू शकते.

पण पुढे काय झालं? २०१८ आणि २०२० ला स्वातंत्र्याच्या विरोधात निकाल लागला, तोही कमी कमी होत जाणाऱ्या फरकाने. २०२१ चं तिसरं सार्वमत कोविडच्या शोककाळात नको म्हणून कनक पक्षांनी पुढे ढकलायला सांगितलं, फ्रान्सने ऐकलं नाही, त्यांनी बहिष्कार घातला आणि विरोधात ९६ टक्क्यांहून जास्त मतं पडली. त्या आकड्याला काय अर्थ आहे? आणि २०२४ च्या मे महिन्यात पॅरिसने ती गोठवलेली यादी खुली करायला घेतली तेव्हा बेट पेटलं, माणसं गेली, आणीबाणी लागली. म्हणजे यादी योग्य होती, पण ती बदलायचा अधिकार एकाच बाजूच्या संसदेकडे होता. तिथे सगळं फाटलं.

बुगनव्हिलमध्ये, म्हणजे पापुआ न्यू गिनीतल्या ज्या बेटांवर वेगळं होण्यासाठी युद्ध झालं तिथे, त्यामानाने हे नीट झालं. पापुआ न्यू गिनीबरोबरचा २००१ चा शांतता करार, २००५ पासून स्वायत्तता, आधी शस्त्रं खाली आणि मग सार्वमत, तेही दहा ते पंधरा वर्षांच्या आत घ्यायचं असं बांधलेलं. युद्धामुळे बाहेर गेलेल्या बुगनव्हिलच्या लोकांनाही मत होतं. २०१९ ला जवळपास ९८ टक्के स्वातंत्र्याच्या बाजूने, आणि मतदान शांततेत झालं. निकाल बंधनकारक नाही, शेवटचा शब्द पापुआ न्यू गिनीच्या संसदेचा आहे आणि ती ताणून धरतेय, हे मला अन्यायाचं वाटतं. पण यादीवरून तिथे रक्त सांडलं नाही.

मिसेरियांबद्दल: २००९ ला हेगच्या लवादाने अबयेईची हद्द आखली तेव्हाच हेही सांगितलं की हद्द बदलली तरी पारंपरिक चराईचे हक्क संपत नाहीत. म्हणजे मत एक, चराई वेगळी. गुरं चारायला दरवर्षी येणाऱ्याला पाण्याचा आणि वाटेचा पक्का, कोर्टात दाद मागता येईल असा हक्क द्या, मग त्याला सार्वमत जिंकायची एवढी निकड उरणार नाही. आज त्याला भीती अशी की सीमा गेली की पाणी गेलं, म्हणून तो यादीवर अडून बसतो.

तळटीप

यादी बदलायचा अधिकार एका बाजूकडे, हा मुद्दा हाँगकाँगला तंतोतंत लागू होतो. १९८४ च्या चीन-ब्रिटन संयुक्त घोषणेत ५० वर्षांची हमी होती, कोर्ट, कायदे, चलन सगळं वेगळं. पण वाद झाला तर कुठल्या न्यायालयात किंवा लवादाकडे जायचं याचं कलमच त्यात नाही. २०२० ला राष्ट्रीय सुरक्षा कायदा बीजिंगमधून थेट लागू झाला तेव्हा ब्रिटन म्हणालं करारभंग, चीन म्हणाला आमचा अंतर्गत प्रश्न, आणि हाँगकाँगच्या माणसाला हे घेऊन जायला कुठलंच दार नव्हतं.

पाऊलवाट

उत्तर आयर्लंडच्या १९९८ च्या करारातलं एक कलम इथे यायलाच हवं. तिथे जन्मलेला माणूस स्वतःला ब्रिटिश म्हणो, आयरिश म्हणो की दोन्ही, आणि दोन्ही पासपोर्ट ठेवो, हा त्याचा हक्क, आणि उद्या बहुमताने तो प्रदेश आयर्लंडमध्ये गेला तरीही हा हक्क तसाच राहणार असं करारातच लिहिलंय. आज अल्पमतात असलेला आणि उद्या अल्पमतात जाऊ शकणारा, दोघांनाही तेच कलम. ब्रेक्झिटच्या वेळी एवढी ओढाताण झाली तरी ते कलम कुणी काढायला निघालं नाही.

वाटसरू

हे पटलं. हरणाऱ्याला आधीच सांगून ठेवायचं की हरलास तरी तुझं काय काय शाबूत राहील. डान्झिगच्या पोलिश माणसाला आणि अबयेईच्या मिसेरियाला असं कुणी सांगितलं नव्हतं, किंवा सांगितलं तरी त्यांनी विश्वास ठेवावा असं मागे कुणी उभं नव्हतं. ग्रीक आणि तुर्की भागांत तुटलेलं सायप्रस जोडायचा संयुक्त राष्ट्रांचा २००४ चा अनान प्लॅन या नजरेने परत वाचतो, तिथे तुर्की सायप्रियटांनी ६५ टक्क्यांनी होय म्हटलं आणि ग्रीक सायप्रियटांनी ७६ टक्क्यांनी नाही, आणि नाही म्हणणाऱ्यांत उत्तरेकडची घरं सोडून आलेले खूप होते. त्या घरांचं काय, हे सोडवायला प्लॅनमध्ये संपत्तीचं वेगळं मंडळ होतं, ते लोकांना का पटलं नाही ते बघायचंय. इथेच लिहितो.